अपडेटची वाट बघून थकलेले इंदूरकर, या इकडे

रामबागकरीण: दिवाळीच्या आवराआवरीत बाबांचा जुना फोन सापडला, शिवणाच्या डब्यात, बटणं आणि बॉबिनांखाली. चार्जरला लावला तर चक्क सुरू झाला! 'अपडेट तपासा' दाबलं. गोल गोल फिरलं आणि हिरवी खूण, 'तुमचा फोन अद्ययावत आहे'. खाली सिक्युरिटी पॅचची तारीख, मार्च २०१९.

फोन घेतला जून २०१८ मध्ये, अँड्रॉइड ८ म्हणजे ओरिओवाला. ऑगस्टमध्ये अँड्रॉइड ९ आलं, नाव 'पाय'. कंपनी म्हणाली, तुम्हालाही देणार. मग बाबा रोज संध्याकाळी चहा झाला की चष्मा कपाळावर चढवून ते बटण दाबायचे. आई स्वयंपाकघरातून, "आला का पाय?" असं वर्षभर चाललं. शेवटी कंपनीनेच काढता पाय घेतला.

तुमचेही लिहा. पोळ्या टाकून येते.

जिरावण: काढता पाय!! मेलो.

सुदामानगर ते विजयनगर: फाइव्ह जी विसरलात का? १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, पहिल्या शहरांत नागपूर होतं. मावसभाऊ तिथेच. खोक्यावर हे मोठ्ठं फाइव्ह जी, गच्चीवरून टॉवर दिसतोय, आणि फोनवर फोर जी. का, तर फोनमध्ये सोय आहे पण सॉफ्टवेअरने कुलूप लावलंय, किल्ली अपडेटमधून येणार. त्याच्या महागड्या फोनला डिसेंबर उजाडला. शेजारचा पोरगा स्वस्तातल्या फोनवर पहिल्या आठवड्यापासून स्पीड दाखवत फिरत होता. भाऊ अजून त्याच्याशी धड बोलत नाही.

छप्पन्न ते सराफा: मला आला ना अपडेट! रात्री लावून झोपलो, सकाळी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ, सरळ, पट्टीने आखल्यासारखी. जेल रोडवर घेऊन गेलो. माणसाने फोन हातातही घेतला नाही, लांबूनच "भिया, अपडेट मारा क्या?" साडेनऊ हजार. तेव्हापासून अपडेट दिसला की 'नंतर आठवण करा'.

मीनलताई: जेल रोडला कुठल्या दुकानात? सासूबाईंच्या फोनची बॅटरी फुगलीय, मागचं झाकण उचललंय.

छप्पन्न ते सराफा: व्यक्तिगत निरोप पाठवतो. तोवर चार्जिंगला लावू नका ताई!

बेंगळुरूहून माळवी: मी अशाच एका कंपनीत टेस्टिंगला होतो, शिव्या खायची सवय आहे. जलूदला नर्मदा उपसली म्हणून तुमच्या नळाला लगेच पाणी येतं का? तसंच हे. गुगल सोर्स कोड खुला करतं. मग क्वालकॉम, मीडियाटेक वगैरे चिपवाले आपले ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे प्रोग्राम, त्यावर बसवून देतात. मग कंपनी आपली स्किन, म्हणजे स्वतःचं रूपडं, चढवते, मग एकेका मॉडेलचं वेगळं टेस्टिंग. सोडतानाही आधी थोड्यांना सोडतात, बोंब झाली नाही तर बाकीच्यांना. चिपवाल्यांनी जुन्या चिपवरून हात काढून घेतला की कंपनीचं घोडं तिथेच अडतं. २०१७ मध्ये गुगलने प्रोजेक्ट ट्रेबल आणलं, त्यात चिपचा भाग वेगळा ठेवला, म्हणून आता जरा बरं आहे. तरी स्वस्तातली मॉडेलं रांगेत शेवटी हे खरंच. मी स्वतः यादी बघितली आहे.

मीनलताई: आमच्याकडे एक दिवसाआड येतं. पाणी म्हणतेय.

शुद्धलेखन हवालदार: अपडेट आला, आली की आलं? कानावर तिन्ही पडतात.

जिरावण: इंदुरात 'अपडेट आ गया'. बाकी पुण्याला विचारा.

टोपीवाला: मी २०१३-१४ मध्ये कंपनीची वाट न बघता सायनोजेनमॉड, म्हणजे कंपनीबाहेरच्यांनी बनवलेलं अँड्रॉइड, टाकायला गेलो होतो. अर्ध्यात वीज गेली, डेस्कटॉप बंद, फोनची वीट. चूक माझीच, यूपीएस काकांना दिला होता. ती वीट आठ-दहा वर्षं पेपरवेट होती. काकांनी यूपीएस अजून दिलेला नाही, हा वेगळा धागा होईल.

नारायणबाग: थट्टा ठीक आहे, पण माझ्या मावशीचं वय ७८. पेन्शनीचा हयातीचा दाखला आता फोनवर चेहरा दाखवून होतो म्हणून हौसेने केस विंचरून, टिकली लावून बसली. ॲप उतरेचना, अँड्रॉइड जुनं. फोन उत्तम चालतो, एक ओरखडा नाही. शेवटी रिक्षा करून बँकेत नेलं. रिक्षात म्हणते, "मी जिवंत आहे, फोन गेलाय असं लिहून घेतील का?"

रामबागकरीण: मावशींना नमस्कार सांगा!

सुदामानगर ते विजयनगर: आता गुगलच्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगच्या एस २४ पासून सात वर्षं अपडेटचं वचन आहे म्हणे.

टोपीवाला: साडेसातीपेक्षा अर्धं वर्ष कमी.

रामबागकरीण: बाबांना धागा वाचून दाखवला. माळवींचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, तो फोन आण इकडे. चष्मा कपाळावर, बटण दाबलं. गोल गोल... 'अद्ययावत आहे'. "उद्या बघू," म्हणाले आणि चार्जरला लावून ठेवला.

मीनलताई: दुकान रविवारी उघडं असतं का?