मदत हवी आहे: एकाच खून खटल्यातील दोघा भावांनी अपील एका वकिलाकडून करावे की वेगवेगळ्या?

नमस्कार. गोव्यातील फोंडा तालुक्यातील आमच्या कुटुंबात 2019 साली कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वाटणीवरून माझ्या थोरल्या मामांचा खून झाला. त्या प्रकरणी सत्र न्यायालयाने गेल्या महिन्यात धाकट्या मामांच्या दोन्ही मुलांना भारतीय दंड संहितेच्या कलम 302 (खून) व 34 (समान उद्देश) खाली जन्मठेप सुनावली असून दोघेही कोलवाळच्या तुरुंगात आहेत. गेले तेही आमचेच आणि शिक्षा झाली तेही आमचेच, तेव्हा कोण खरे नि कोण खोटे या वादात कृपया कोणी शिरू नये.

निकालपत्र इंग्रजीत आहे. दोनदा वाचून मला समजले ते असे. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही, सारी भिस्त परिस्थितीजन्य पुराव्यावर आहे. थोरल्या भावाने दाखवलेल्या जागेतून रक्ताचे डाग असलेला कोयता जप्त झाला (त्या पंचनाम्याचा एक पंच फितूर झाला, तरी न्यायालयाने जप्ती मानली). धाकट्या भावाविरुद्ध मात्र, तो त्या संध्याकाळी भावाबरोबर कुळागराकडे जाताना शेजाऱ्याला दिसला, एवढेच आहे. बाकी त्याला समान उद्देशाच्या कलमाने गुंतवले आहे. खालच्या कोर्टात दोघांचा वकील एकच होता आणि 'आम्ही तिथे नव्हतोच' हा बचावही एकच. आता धाकट्याच्या वतीने 'तो बरोबर गेला, पण मारण्याचा उद्देश त्याचा नव्हता' असे म्हटले, तर थोरल्याचा बचाव आपोआप ढासळतो. हे दोन्ही एकाच वकिलाने कसे मांडावे, हे मला कळत नाही.

धाकट्या मामींना वाटते, वकील वेगळे केले की भाऊ भावावर उलटला असे दिसेल. खर्चाचाही प्रश्न आहे; मात्र विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 नुसार कैदेतील व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, म्हणून धाकट्यासाठी तसा अर्ज करावा असे माझ्या मनात आहे. खटल्यात न घेतलेला असा पर्यायी मुद्दा पर्वरीच्या उच्च न्यायालयात अपिलात प्रथमच घेता येतो का? आणि शिक्षेला स्थगिती व जामीन मिळण्यासाठी धाकट्याचा अर्ज वेगळा विचारात घेतला जातो का?

अपिलाची मुदत 60 दिवसांची आहे. निकालाची प्रत मिळवण्यात गेलेले दिवस वगळले जातात हे ठाऊक आहे, पण त्यावर विसंबायचे नाही. पुढच्या भेटीत मामी वकीलपत्रांवर सह्या घेणार आहेत. त्याआधी जाणकारांनी उत्तर दिल्यास उपकार होतील.