वेळास-केळशी-आंजर्ले पट्ट्यात राहण्या-जेवण्याची सोय : तुमचे अनुभव लिहा

मार्चमध्ये कासवाची पिल्लं बघायला रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जाऊन आलो. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत बागमांडला गाठलं, तिथे फेरीबोटीत गाडी चढवली आणि पलीकडे वेसवीला उतरलो. वेळासला राहायचं ते लोकांच्या घरीच. दर माणशी ठरतो आणि चहा, नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण त्यातच येतं. आम्हाला माजघरात गाद्या घालून दिल्या होत्या. रात्री मऊ भात, डाळिंबीची उसळ, पोह्याचे पापड आणि सोलकढी. पहाटे सहाला काकूंनी चहाला हाक मारली, कारण सातच्या सुमारास किनाऱ्यावर जाळीच्या कुंपणात पुरलेल्या अंड्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात. त्या दिवशी ऑलिव्ह रिडलेची अकरा पिल्लं निघाली. एकेक करून सगळी पाण्यात पोहोचेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

या भागात तुम्ही कुठे, कसे राहिलात? गैरसोय झाली असेल तर तीही लिहा, पुढच्यांना उपयोग होईल.

* * *

आईला (वय ७४) घेऊन गेलो होतो. जमिनीवर बसता येत नाही हे फोनवर सांगायचं राहून गेलं. संडास भारतीय पद्धतीचा, तोही मागच्या पडवीपलीकडे, आणि रात्री अंगणात उजेड नाही. घरच्यांनी स्वतःची कॉट आईला दिली, शेजारून खुर्ची आणली, पण आईला सारखं अवघडल्यासारखं होत राहिलं. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर कॉट, कमोड आणि पायऱ्या या तीन गोष्टी आधी विचाराच. गावातून किनाऱ्यापर्यंत चालणंही आहे.

* * *

आम्ही शनिवारी संध्याकाळी न कळवता पोहोचलो. सात घरं फिरलो, सगळीकडे पाहुणे. एका आजींनी मुलांना दूध-पोहे दिले आणि पैसे घेतले नाहीत. शेवटी अंधारात घाट चढून मंडणगडला लॉजवर झोपलो. सकाळचा सातचा मुहूर्त अर्थातच हुकला. फेब्रुवारी ते एप्रिलमधले शनिवार-रविवार असतील तर खोली पक्की केल्याशिवाय निघू नका.

* * *

मासे खाणाऱ्यांसाठी. वेळासला ज्या घरांत आम्ही चौकशी केली तिथे शाकाहारीच जेवण होतं. म्हणून एक मुक्काम तिथे आणि एक आंजर्ल्याला, असं केलं. तिसऱ्या प्रहरी हर्णै बंदरावर लिलाव बघितला, बांगडे आणि कोलंबी घेतली आणि घरमालकिणीला नेऊन दिली. करून देणार का, हे सकाळीच विचारून ठेवलं होतं. तांदळाची भाकरी, तिखलं आणि तळलेली कोलंबी. इतकं ताजं मी शहरात कधी खाल्लेलं नाही. फक्त १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत गेलात तर ताज्या माशाचा आग्रह धरू नका, कुळथाची पिठी आणि सुकटीची चटणी मागा.

* * *

रोख पैसे जवळ ठेवा. आमच्या फोनला रेंज येत-जात होती, त्यामुळे पैसे पाठवताना अडलो.

* * *

आम्ही दोन दिवस होतो आणि एकही पिल्लू दिसलं नाही. अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात, नेमका दिवस कोणीच सांगू शकत नाही. मुलगी रडवेली झाली होती. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते काका तिला टोपलीजवळ घेऊन गेले आणि पूर्वी ही अंडी चोरली जायची, २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली, हे सगळं सावकाश सांगितलं. पाहुण्यांचे पैसे घरात यायला लागल्यावर राखण आणखी पक्की झाली, असंही म्हणाले. मुलगी आता पुन्हा जायचं म्हणते.

* * *

आमचं घर केळशीजवळ आहे, आम्ही पाहुणे घेतो. एक विनंती मनापासून करते. किती माणसं, किती वाजता येणार, उपास कोणाचा, लहान मुलं किती, एवढं आदल्या दिवशी कळवा. नारळ खवणं, वाटण, भात, सगळं माणसं मोजून होतं. बाजार हाताशी नाही. मागच्या वर्षी बारा जणांचं सांगून एकोणीस आले. तेव्हा सासूबाई आणि मी आमच्या वाटचं वाढून टाकलं. उलटही होतं. दहा जणांचे मोदक केले आणि कोणी आलंच नाही, फोनही नाही. एप्रिलनंतर विहिरीचं पाणी खाली जातं, तेव्हा आंघोळीला बादलीच मिळेल. त्यात कोणाला कमीपणा वाटू नये. येणं रद्द झालं तर तसं सांगा, राग धरणार नाही. जागा दुसऱ्या कोणाला तरी देता येते.