‘बडमे ते बेळगाव’ असा फलक लावावा का? इथिओपिया–एरिट्रिया वादावर कार्यक्रम करायचाय

अनगोळ_वाचक:
नमस्कार मंडळी. बेळगावात कॉलेजच्या मुलांसाठी इथिओपिया–एरिट्रिया सीमावादावर तासाभराचा कार्यक्रम ठरतोय. आधी पंधरा मिनिटं माहिती, मग चर्चा, शेवटी सह्यांचं निवेदन. तीन अडचणी आहेत.

पहिली, मुलांनी फलकाला मथळा दिलाय, ‘बडमे ते बेळगाव: निकाल लागला, न्याय नाही’. बडमे म्हणजे त्या सीमेवरचं वादाचं गाव. ऐकायला झकास, पण तुलना टिकते का? दुसरी, ग्रुपवर रोज ‘युद्ध पेटलं’ म्हणून व्हिडिओ पडताहेत. रणगाडे, धूर, पाट्यांवर इथिओपियन अक्षरं. पडद्यावर दाखवायचे तर आधी पारखायचे कसे? तिसरी, मुलांनी इन्स्टावर एक पोस्ट टाकली, तर दोन्हीकडचे लोक तुटून पडले. एक म्हणतो झेंडा चुकला, दुसरा म्हणतो तुम्ही हल्लेखोराची बाजू घेताय. नेमकं सांगा, ‘दोघांनी शांततेनं राहावं’ छापाचं नको.

नंदगडकर:
मथळा बदला. ही तुलना पहिल्याच प्रश्नाला आडवी होईल.

आपला वाद भाषेचा आहे, बडमेचा वाद भाषेचा नाही. तिथे रेषेच्या दोन्ही अंगांना तिग्रिन्या बोलतात. जवळच कुनामा समाज आहे, तोही दोन्ही देशांत पसरलेला. घरातली माणसं, लग्नं, बाजार सगळं एकत्र होतं.

दुसरं म्हणजे निकालाची जात वेगळी. महाजन आयोग केंद्राने १९६६ मध्ये नेमला, अहवाल १९६७ चा. बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडेच ठेवा, निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्या, असं त्यात होतं. महाराष्ट्राने तो फेटाळला, कर्नाटक तोच अंतिम धरतं. पण ती होती शिफारस. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार घटनेच्या कलम ३ प्रमाणे संसदेचा, आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. एरिट्रिया–इथिओपियाचा निर्णय लवादाचा होता आणि तो ‘अंतिम व बंधनकारक’ असेल असं दोघांनी आधी लिहून दिलं होतं. तरीही अंमलबजावणी झाली नाही.

तुलना करायचीच असेल तर एका मुद्द्यावर करा: निकष कोणते. आपल्याकडे महाराष्ट्राची मागणी पाटसकर सूत्राची, म्हणजे खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. तिकडच्या लवादाला लोकेच्छा विचारायची मुभाच नव्हती. १९००, १९०२ आणि १९०८ चे इटलीशी झालेले वसाहतकालीन करार आणि आंतरराष्ट्रीय कायदा, एवढंच पाहायचं. उचित वाटतं म्हणून मधला तोडगा काढायचा नाही, असं करारातच बजावलं होतं. परिणाम सीमेवरच्या इरोब या छोट्या समाजावर बघा. रेषा त्यांच्या वस्तीतून गेली. २०१८ मध्ये अंमलबजावणीची घोषणा झाली तेव्हा इरोब भागात आणि बडमेत लोक निदर्शनं करत रस्त्यावर आले. आपल्या मुलांना हे लगेच कळेल, फलकावर बेळगावचं नाव न घालताही.

शहापूर_पेठ:
पंधरा मिनिटांत इटालियन वसाहतीपासून सुरुवात केलीत तर मुलं मोबाईल काढतील. तीन वर्षं फळ्यावर लिहा: १९९३, २००२, २०१८.

१९९३. इथिओपियाविरुद्धच्या तीस वर्षांच्या लढ्यानंतर एप्रिलमध्ये सार्वमत आणि २४ मे रोजी एरिट्रिया स्वतंत्र. इथिओपियाचा समुद्रकिनारा संपला, असाबचं बंदर परक्या देशात गेलं. सीमा मात्र खुणा रोवून आखली नाही, कारण अस्मारा (एरिट्रियाची राजधानी) आणि आदिस अबाबात (इथिओपियाची) सत्तेवर बसलेले दोन्ही गट आधीच्या लष्करी राजवटीविरुद्ध एकत्र लढलेले. मित्रांत मोजणी कशाला, असा हिशेब. नोव्हेंबर १९९७ मध्ये एरिट्रियाने स्वतःचं चलन, नाक्फा, काढलं आणि व्यापाराच्या हिशेबावरून बिनसलं. ६ मे १९९८ ला बडमेजवळ चकमक झाली आणि १२ मे ला एरिट्रियाचं सैन्य रणगाडे घेऊन आत शिरलं. जून २००० पर्यंत खंदकांतली लढाई. मृतांचे अंदाज ७० हजार ते १ लाख. माणसंही देशाबाहेर घातली: इथिओपियाने एरिट्रियन वंशाचे सुमारे ७५ हजार लोक हाकलले, एरिट्रियातूनही हजारो इथिओपियनांना जावं लागलं.

२००२. इथे वेळ घ्या, कारण आजच्या ऑनलाइन भांडणाची मुळी इथे आहे. १२ डिसेंबर २००० च्या अल्जियर्स कराराने दोन वेगळे आयोग नेमले. सीमा आयोगाने, म्हणजे नंदगडकर म्हणतात त्या लवादाने, १३ एप्रिल २००२ ला हेगमध्ये निर्णय दिला, पण त्याच्या नकाशावर बडमे गाव दाखवलंच नव्हतं. इथिओपियाने लगोलग ‘बडमे आपलं’ म्हणून जाहीर केलं. गाव एरिट्रियाच्या बाजूला येतं हे नंतर अक्षांश-रेखांश लावल्यावर उघड झालं आणि मार्च २००३ मध्ये आयोगानेही स्पष्ट केलं. मग इथिओपियाने टाळाटाळ सुरू केली. नोव्हेंबर २००४ मध्ये निर्णय ‘तत्त्वतः मान्य’ केला. तत्त्वतः म्हणजे काय ते सीमाभागात समजावून सांगावं लागणार नाही. शेवटी नोव्हेंबर २००७ मध्ये आयोगाने खांब न रोवता कागदावरच्या बिंदूंनी सीमा निश्चित धरली आणि काम गुंडाळलं.

दुसरा आयोग नुकसानभरपाईचा. त्याने २००५ मध्ये म्हटलं की मे १९९८ मध्ये बळाचा वापर करून एरिट्रियाने संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा भंग केला.

म्हणजे गाव एरिट्रियाचं, आणि ते बळाने घ्यायला जाणं बेकायदा. एकाच करारातून आलेले दोन निर्णय. एरिट्रियाचे समर्थक फक्त पहिला टाकतात, इथिओपियाचे फक्त दुसरा, आणि दोघेही खरंच बोलत असतात. तुमच्या पोस्टवर हेच झालं असणार.

मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना होती, त्यात भारतीय पलटणही. एरिट्रियाच्या हद्दीत २५ किमी रुंद पट्टा सैन्याशिवाय ठेवायचा होता. एरिट्रियाने २००५ मध्ये तिच्या हेलिकॉप्टरांवर बंदी घातली, नंतर इंधन तोडलं, जुलै २००८ मध्ये मोहीम बंद झाली. एरिट्रियात सक्तीची राष्ट्रीय सेवा कायद्याने १८ महिन्यांची, पण १९९८ नंतर तिला शेवटच उरला नाही. तरुण देश सोडून पळतात त्याचं मोठं कारण हे.

२०१८. इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद यांनी जूनमध्ये निर्णय पूर्ण मान्य केला, ९ जुलैला अस्मारात युद्धसमाप्तीची घोषणा, २०१९ मध्ये त्यांना नोबेल. सप्टेंबरात उघडलेले नाके काही महिन्यांत बंद. नोव्हेंबर २०२० मध्ये एरिट्रियाला लागून असलेल्या इथिओपियाच्या टिग्रे प्रांतात युद्ध पेटलं, त्यात एरिट्रियाचं सैन्य अबींच्या बाजूने उतरलं. २ नोव्हेंबर २०२२ च्या प्रिटोरिया करारावर सह्या इथिओपिया सरकारच्या आणि टीपीएलएफच्या, म्हणजे सरकारशी लढणाऱ्या टिग्रेच्या पक्षाच्या. एरिट्रिया त्यात नाहीच, त्यामुळे ‘परके सैन्य मागे घ्या’ हे कोणी कोणाला सांगायचं हा घोळ तिथून चालत आला. ऑक्टोबर २०२३ पासून अबी तांबड्या समुद्रावरच्या हक्काची भाषा बोलू लागले आणि असाब परत चर्चेत आलं.

निपाणीकर:
व्हिडिओंबद्दल. दाखवायचे असतील तर मोजके दाखवा, आणि प्रत्येकावर हे करा.

व्हिडिओ थांबवून चार-पाच चौकटी काढा: डोंगररेषा, दुकानाची पाटी, गणवेश, गाडी. प्रत्येक चौकट गुगल लेन्सवर आणि यांडेक्सवर टाका. काही सापडलं नाही तर चौकट उजवी-डावी उलटवून परत टाका, कारण पकडलं जाऊ नये म्हणून जुने व्हिडिओ आरशासारखे फिरवून टाकतात. पाटीवरचं अक्षर उलटं दिसलं तर तिथेच समजा. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फाइलमध्ये मूळ तारीख शोधू नका, ती पुसली जाते. आणि रात्रीच्या क्षेपणास्त्रांचे फारच सुंदर दृश्य असेल तर आधी ‘आर्मा ३’ या गेमचे व्हिडिओ तपासा. निम्म्या जगातली युद्धं त्या गेममधून लढली जातात.

लिपीवरून देश ठरवू नका. अम्हारिक आणि तिग्रिन्या दोन्ही गीझ लिपीत, आणि तिग्रिन्या दोन्ही देशांत. पाटीवरचा फोन नंबर बघा: +२५१ इथिओपिया, +२९१ एरिट्रिया.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते तारखेत. इथिओपियाचं पंचांग आपल्या इंग्रजी तारखेपेक्षा सात-आठ वर्षं मागे, वर्ष तेरा महिन्यांचं, नवं वर्ष ११ सप्टेंबरला (लीप वर्षाच्या आधी १२ ला). टिग्रे युद्ध सुरू झालं ती ३ नोव्हेंबर २०२० ची रात्र त्यांच्याकडे २०१३ सालातली. बॅनरवर २०१३ दिसलं म्हणून ‘जुना व्हिडिओ’ म्हणू नका, आणि उलटही करू नका. एरिट्रियाचं सरकारी काम मात्र इंग्रजी तारखेवर चालतं. घड्याळही वेगळं: इथिओपियात दिवस सकाळपासून मोजतात, आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा १ वाजलेला. ‘दोन वाजता हल्ला’ हे भाषांतर सहा तासांनी चुकू शकतं.

ऋतू जुळवा. पठारावर पाऊस जून ते सप्टेंबर. ऑगस्टचा म्हणून सांगितलेल्या व्हिडिओत माळ करपलेला असेल तर शंका घ्या. दानाकिलच्या सखल वाळवंटी पट्ट्यात हा नियम लागू नाही, तिथे बारा महिने रखरखाट.

नासाच्या आगीच्या नकाशावरचे लाल ठिपके ‘बॉम्बहल्ले’ म्हणून फिरतात. त्यातला एक ठिपका साधारण ३७५ मीटर चौकटीचा, आणि तो फक्त उष्णता सांगतो. तोडणीनंतर आपल्याकडे उसाचा पाला पेटवतात तेव्हा चिकोडी–अथणीकडेही असे ठिपके उठतात. मुलांना तोच नकाशा आपल्या तालुक्यावर आणून दाखवा, पटकन पटेल. मोफत मिळणारी सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं १० मीटरची, म्हणजे रणगाडा जेमतेम एका ठिपक्यात मावतो. नवी छावणी, रस्ता, जळालेलं गाव दिसेल. ‘सैन्य सरकलं’ हे त्यावरून ठरवता येत नाही.

सह्या_कशाला:
व्हिडिओ तपासाल हो, पण निवेदन कोणाला देणार? बेळगावातल्या सह्यांनी अस्मारात पान तरी हलणार आहे का? आणि या हॅशटॅगच्या लढाया लढणारे बहुतेक वॉशिंग्टन, लंडन, स्टॉकहोममध्ये बसलेले.

शहापूर_पेठ:
@सह्या_कशाला, शेवटचं वाक्य खरं आहे आणि त्याला कारणही आहे. युद्धाच्या काळात टिग्रेचं इंटरनेट आणि फोन तोडलेले होते. एरिट्रियात तर एकच सरकारी कंपनी, आणि लोकांचं इंटरनेट मुख्यतः सायबर कॅफेत. ज्यांच्यावर बेतलं ते ऑनलाइन नव्हतेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये इथिओपिया सरकारच्या बाजूचा ‘नो मोअर’ हॅशटॅग जोरात आला तेव्हा समोर ‘टिग्रे जेनोसाइड’चा होता, दोन्ही परदेशातून चालणारे. ट्रेंड झालेला आकडा तिथल्या जनमताचा धरू नका.

पण म्हणून पोस्ट निरुपद्रवी नसते. बहिर दार विद्यापीठातल्या एका टिग्रेयन प्राध्यापकांचं नाव आणि माहिती फेसबुकवर फिरली, त्यांचा नोव्हेंबर २०२१ मध्ये खून झाला. त्यावरून डिसेंबर २०२२ मध्ये फेसबुकच्या मेटा कंपनीविरुद्ध केनियात दावा झाला, आणि तो चालवायचा अधिकार आपल्याला आहे असं तिथल्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं. तेव्हा व्हिडिओतले चेहरे झाका, गावाचं नाव आणि माणसाचं नाव एकत्र देऊ नका.

निवेदन द्यायचं तर परराष्ट्र मंत्रालयाला द्या, एका पानाचं, आणि मागण्या तपासता येतील अशा ठेवा. २००२ ची रेषा दोघांनी मानावी. रेषेपलीकडचं सैन्य दोघांनी मागे घ्यावं. इरोबसारख्या दुभंगलेल्या समाजांना ये-जा करता यावी. विस्थापितांना घरी परतता यावं. ‘सर्वांनी युद्ध थांबवावं’ एवढंच लिहिलंत तर ते फाइलला लागेल, बस्स.

अनगोळ_वाचक:
मथळा काढला. ‘बडमे: एक करार, दोन निर्णय’ असा ठेवतोय. झेंड्याचं कोणी सांगितलं नाही.

नंदगडकर:
तुमच्या पोस्टवर निळा झेंडा होता का, मध्ये हिरवी ऑलिव्हची वेल असलेला? तो १९५२ च्या संघराज्यकाळातला. आता सरकारविरोधी एरिट्रियन तो घेतात. २०२३ मध्ये गीसेन, स्टॉकहोम, तेल अवीवला सरकारी बाजूच्या उत्सवांवरून मारामाऱ्या झाल्या, तेव्हा तोच पुढे होता. सरकारी झेंड्यात लाल त्रिकोण, वर हिरवा, खाली निळा, आणि वेल पिवळी. इथिओपियाचंही तसंच: निळ्या चकतीतला तारा म्हणजे अधिकृत, चकती नसलेला तिरंगी धरणारे बहुधा वेगळ्या राजकारणाचे. टिग्रेचा लाल-पिवळा तिसराच. फलकावर एकही झेंडा नको. नकाशा पुरे, बडमेजवळची रेषा तुटक काढा आणि खाली ‘२००२ चा निर्णय’ लिहा. ‘जुंटा’, ‘वोयाने’, ‘शाबिया’ हे शब्द भाषणात आले की बाजू घेतल्यासारखंच होतं. सरळ टीपीएलएफ, एरिट्रिया सरकार म्हणा.

आणखी एक, हॉलच्या अर्जावर विषय पूर्ण लिहा, ‘इथिओपिया–एरिट्रिया सीमावाद’. बेळगावात नुसतं ‘सीमावाद’ लिहिलंत तर श्रोत्यांआधी पोलीस येतील. फलक मराठीबरोबर कन्नडमध्येही काढा; कन्नड मुलं आली तर चर्चेत खरी मजा येईल, विशेषतः लोकेच्छेच्या मुद्द्यावर.