टोमॅटो सॉस फार आंबट होतो, सोडा घालू का?

इंदूरची_सून
नमस्कार मंडळी. हिवाळ्यात चोइथराम मंडीत टोमॅटो उतरला की आम्ही क्रेटच उचलतो. धाकटा पुण्याला होस्टेलवर आहे. त्याला पास्त्याचा सॉस लागतो, म्हणून बाटल्या भरून बसने पाठवायचं ठरवलंय. सॉस रंगाला सुरेख होतो, पण जिभेवर ठेवला की एक डोळा मिटतो. साखर घालावी तर आंबटगोड चटणी होते. आटवावा तर अजूनच आंबट. सासऱ्यांना पित्ताचा त्रास, त्यांना तर देताच येत नाही. शेजारच्या भाभी म्हणतात सोडा घाल. किती घालू? आणि पाठवायच्या बाटल्यांतही चालेल ना?

पोहेजिलबी
वरून जिरावन भुरभुरा. इंदुरात सगळ्यावर तोच इलाज.

टिफिनवाली_काकू
अरे बाबा, जिरावनात आमचूर असतो. तिचं आधीच आंबट झालंय!

सूनबाई, भंवरकुआँच्या कोचिंगवाल्या मुलांचे डबे करते मी. त्यांना आठवड्यातून एकदा पास्ता हवाच असतो, त्यामुळे हे सगळं हाताखालून गेलंय. आधी टोमॅटो बघून घे. मंडीत गोल, पातळ सालीचा देशी आणि लांबुळका, गराचा, असे वेगळे ढीग असतात. सॉसला लांबुळका घे. देठाकडे हिरवट असेल तर दोन दिवस टोपलीत राहू दे, फ्रिजमध्ये नको. बियांभोवतीचा बुळबुळीत रस जास्त आंबट असतो, पण टोमॅटोची खरी चवही त्यातच असते. सगळा फेकलास तर सॉस मुळमुळीत होईल. मी निम्मा काढून आमटीत ढकलते.

आटवल्यावर आंबट होणारच. उडतं ते पाणी, टोमॅटोतलं सायट्रिक आम्ल भांड्यातच राहतं. म्हणून कांदा बारीक चिरून मंद आचेवर चांगला गळेपर्यंत परत, त्यात गाजर किसून घाल, मग टोमॅटो. उतरवताना लोण्याचा गोळा. मीठ नीट पडलंय का तेही बघ, अळणी सॉस जास्तच आंबट लागतो. आता यातल्या कशानेही आम्ल कमी होत नाही हं, साखरेनेही नाही. जिभेला कमी लागतं एवढंच. माझ्या पोरांना तेवढं पुरतं.

आम्ल खरोखर मारतो तो सोडाच. खायचा सोडा, किलोभर टोमॅटोला पाव छोटा चमचा, तोही दोन-तीन चिमटींत. फस्सकन फेस वर येतो, तेव्हा भांडं मोठं हवं. फेस बसू दे, ढवळ, चाख, मगच पुढची चिमूट. पाव चमच्याने साधारण पाचवा हिस्साच आम्ल जातं, आणि तेवढंच पुरे. हात सैल सुटला तर साबणासारखी चव येते, मग ती काही केल्या जात नाही.

भांडं स्टीलचं घे. ॲल्युमिनियमची कढई नको, कल्हई उडालेलं पितळ तर नकोच नको.

इंदूरची_सून
काकू, मग बाटल्यांतही घालते. भाभी म्हणतात त्याने टिकतोसुद्धा.

टिफिनवाली_काकू
अजिबात नाही! भाभींना माझा नमस्कार सांग, पण हे ऐकू नकोस. बाटलीत आंबटपणा हाच राखणदार असतो. पीएचचा आकडा जितका कमी तितकं आंबट. पिकलेला टोमॅटो साधारण ४.३ ते ४.९ च्या मध्ये, म्हणजे काठावरच. ४.६ च्या वर गेला की हवाबंद बाटलीत बॉट्युलिझमचा जंतू वाढू शकतो. त्याच्या विषाला ना वास, ना चव. म्हणून तिथे उलट आंबट वाढवायचं: अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा विकतचा लिंबाचा रस किंवा पाव छोटा चमचा लिंबूसत्त्व. घरच्या लिंबांचा काही नेम नसतो.

बरणीत फक्त टोमॅटो आणि मीठ. कांदा, लसूण, गाजर, लोणी काही नाही. खास साठवणीच्या, नव्या झाकणाच्या काचेच्या बरण्या घे, केचपच्या रिकाम्या बाटल्या नकोत. गरम सॉस भरून, झाकण लावून उकळत्या पाण्यात पूर्ण बुडव आणि ४० मिनिटं उकळ. पुस्तकात ३५ दिसतील, ती समुद्रसपाटीजवळच्यांसाठी. आपलं इंदूर साडेपाचशे मीटरवर, इथे पाणी १०० अंशांच्या आतच उकळतं.

बडोद्याचा_मध्या
काकूंचं सगळं मान्य, पण एवढा खटाटोप नको असेल तर सरळ फ्रीझर वापरा. आमच्याकडे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरतो. अर्थात बसने पुण्याला जाणार नाहीत त्या.

तुमच्या सासऱ्यांचं मात्र बघा. खायच्या सोड्यात सोडियम असतं, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. शिवाय पित्ताला टोमॅटो एकटा जबाबदार नसतो. मिरची, तळण, रात्री उशिराचं जेवण, तेही बघा.

इंदूरची_सून
जेवतात साडेदहाला, वर सेव. बोलून बघते, ऐकतील असं नाही. धाकट्याला फोन केला, बरणीत नुसता टोमॅटो येईल, कांदा तू परतून घे म्हटलं. तो म्हणतो, आई, कांदा चिरायला लावू नकोस.

टिफिनवाली_काकू
मग त्याला सोड्याची पुडी दे, लोणी तो तिथे घेईल. बरणी उघडल्यावर, खायच्या वेळी, दोन बोटांत मावेल तेवढाच सोडा घाल म्हणावं. उरलेली उघडी बरणी फ्रिजमध्ये, नाहीतर रूमभर मित्रांना बोलावून संपव.