छतावरच्या तारेला पोरखेळ म्हणणाऱ्यांना उत्तर

तारवाला, जुळे सोलापूर

परवा इथे एक पोस्ट पडली. तिचा सारांश असा: हॅम रेडिओत नवीन आलेल्यांनी घरी तार ओढून अँटेना करायच्या नादी लागू नये, कंपनीची ट्यून केलेली घ्यावी, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, एक म्हणजे उत्तम) १.१ येतो, विषय संपतो. तारेचे प्रयोग म्हणजे पोरखेळ. खाली ढीगभर अंगठे. नवीन पोरं हे वाचून गप्प बसतील, म्हणून सविस्तर लिहितोय.

एसडब्ल्यूआरचा एवढा गवगवा कशाला? अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हणजे शक्ती नुसती उष्णतेत जिरवणारा रोध, लावा, एकास एक दिसेल आणि सिग्नल कंपाउंडच्या बाहेर जाणार नाही. तीस मीटर आरजी-५८ ही बारीक केबल जोडलीत तर केबल शक्ती खाते आणि रेडिओजवळचा आकडा आहे त्याहून चांगला दिसतो. आकडा बघून अँटेना विकत घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. तार कापून, पुन्हा मोजून, फांदीवरून खाली घेऊन, परत चढवून ज्याने हे पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही.

१४३ ला मेगाहर्ट्‌झने भागा. ७.१ साठी, म्हणजे ४० मीटर बँडसाठी, वीस मीटर तार येते, म्हणजे दोन्हीकडे दहा-दहा. घरच्या वायरिंगची तार घेतलीत तर वरच्या प्लास्टिकमुळे थोडी आखूड करावी लागते. मध्ये बांबू, दोन टोकं खाली, झाला इन्व्हर्टेड व्ही. रेडिओला हव्या असलेल्या पन्नास ओहमच्या जवळ बसतो. दुमजली घराच्या गच्चीवर पाच मीटरचा बांबू उभा केला तर जमिनीपासून बारा मीटर उंची मिळते. ४० मीटर बँडला ही उंची पाव तरंगलांबीच्या आसपास, म्हणून सिग्नल बराचसा सरळ वर जातो आणि महाराष्ट्रभर पडतो. त्याच बांबूवर २० मीटरची तार टांगा, तिला तीच उंची अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जास्त, आणि ती लांबचं बोलायला लागते. हे कळायला तार स्वतः चढवावी लागते, खोक्यातल्या माहितीपत्रकाने कळत नाही.

आंतरराष्ट्रीय नियमावलीत हौशी सेवेची तीन कामं दिली आहेत: स्वशिक्षण, परस्पर संपर्क आणि तांत्रिक तपास. रेडिओ आपण सगळेच विकत घेतो, आता तो घरी कोण बनवतो? हातात उरली आहे ती अँटेना. तीही बंद खोक्यातून आणायची, तर तपास कशाचा करायचा? लुई व्हार्नींनी १९४६ मध्ये एकतीस मीटर तारेचा जो आराखडा केला, तो जी५आरव्ही आजही जगभर चालतो. तीही तारच होती.

होटगी रोड

ती पोस्ट माझी. एकही शब्द मागे घेणार नाही.

गणित पुस्तकात असतं, माझं म्हणणं माणसांबद्दल आहे. आमच्या सोसायटीत एका पोराने पाण्याच्या टाकीपासून रस्त्यापलीकडच्या लिंबापर्यंत तार ओढली. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं, फांदी हलली, दोरी तुटली आणि तार विजेच्या तारांवर पडली. अर्धी गल्ली रात्रभर अंधारात. कुणाला काही झालं नाही हे नशीब. त्या दिवसापासून गच्चीला कुलूप आहे. लायसन्स असून मला वर जायला अध्यक्षांच्या मागे फिरावं लागतं. एकाच्या प्रयोगाची किंमत सगळे मोजतात मालक.

आणि सध्या सगळे ज्याच्या मागे आहेत ते एंड-फेड, एका टोकाला केबल जोडलेली तार! फेराइटच्या रिंगणावर दोन आणि चौदा वेढे मारायचे, त्याला ४९:१ ट्रान्सफॉर्मर म्हणायचं, तार लटकवायची. केबलवरून परत येणारा प्रवाह अडवणारा चोक नाही, परतीची तार म्हणजे काउंटरपॉइज नाही. १०० वॉट सोडले की त्या टोकाला पाचशे व्होल्ट असतात आणि टोक नेमकं कपडे वाळत घालायच्या दोरीशेजारी. इकडे माइकला ओठ लागला की चटका. मग एफटी८ या संगणकाने चालणाऱ्या डिजिटल पद्धतीवर जपान लागलं म्हणून फोटो टाकायचे. एफटी८ नॉइजच्या वीस डेसिबल खालचंही वाचतं, त्यात अँटेनाचं कौतुक कसलं?

तारवाला, जुळे सोलापूर

विजेच्या तारांच्या वर, खाली, शेजारी काहीही ओढायचं नाही, यात वाद नाहीच. पण त्या फांदीला कंपनीची अँटेना बांधली असती तर ती तुटली नसती का? तुटली दोरी. आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो, ते ऊन स्वस्त प्लास्टिकची दोरी एका उन्हाळ्यात खाऊन टाकतं. बोटांनी चोळली की भुगा निघतो. दोरी दरवर्षी बदलायची, झाडाच्या बाजूला कप्पी लावून दोरीला विटेचं वजन सोडायचं. फांदी हलली की वीट वर-खाली होते, तारेवर ताण येत नाही. हे पोराला शिकवायचं सोडून तुम्ही त्याला दुकानात पाठवताय.

आणि तुम्ही राहता कुठे? १५ जून २०२३ ला विमानतळासाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, त्या पट्ट्यात. तिथे उंच मास्ट आणि त्यावर रोटरने फिरणारा बीम, म्हणजे एका दिशेला रोखलेली अँटेना, कुठे उभा करणार? तुमच्यासाठी तर तारच आहे.

होटगी रोड

चिमणी मध्ये आणू नका. त्यावर गावात घराघरात भांडणं झाली आहेत.

बार्शीहून

मूळ मुद्द्यावर येतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, माढा, मोहोळ, करमाळ्याकडची गावं पाण्यात होती. अशा वेळी सोलापूर-बार्शी बोलायचं तर कोणती अँटेना? सत्तर किलोमीटरवर हातातला व्हीएचएफ सेट रिपीटरशिवाय, म्हणजे मध्ये सिग्नल पुढे पाठवणारं केंद्र नसेल तर, पोचत नाही. दिवसा ४० मीटरवर, जमिनीपासून चार-पाच मीटरवर बांधलेली साधी तार पोचते, कारण तिचा सिग्नल वर जाऊन डोक्यावर परत पडतो. उंच बीमवाला हजारो किलोमीटरवर बोलेल आणि करमाळा त्याला ऐकू येणार नाही. म्हणून तारवाल्यांच्या बाजूने माझं मत.

पण सोलापूरकरांना एक सांगायचंय. मी तुम्हाला हाका मारतो आणि तुम्ही ऐकत नाही. तुमच्याकडे एस-८ नॉइज असतो, म्हणजे सिग्नल मोजायच्या एस मीटरवर नुसती खरखरच आठवर. अँटेना कसली घेऊन बसलात, आधी कान साफ करा.

अक्कलकोट रोड

अखेर कोणी तरी बोललं! घरची तार, कंपनीची तार, सगळी चर्चा फुकट आहे. माझ्या घराला तिन्ही बाजूंनी यंत्रमाग. सकाळी माग सुरू झाले की ४० मीटर संपला. सगळा पूर्वभाग असाच. मागवाल्यांना कोणी काही विचारत नाही, आम्ही मात्र लायसन्स काढून, शुल्क भरून बसलोय. त्यात ७६५ केव्हीची रायचूर-सोलापूर लाइन २०१३ ला सुरू झाली. हे सगळं मिळून बँडची वाट लागली.

मागाचा मालक

मी मागवाला आहे आणि माझ्याकडेही लायसन्स आहे, म्हणून हे ऐकून घेणार नाही. टॉवेल आणि चादरीवर हे गाव जगतं. सगळं खापर आमच्यावर फोडायच्या आधी रेडिओ हातात घेऊन फिरलात का? साध्या मागाच्या इंडक्शन मोटरमधून नॉइज जवळजवळ येत नाही. नवीन रेपियर मागांना वेग बदलणारे ड्राइव्ह असतात, ते आवाज करतात, खरं आहे, आणि त्यांना फिल्टर लावता येतो. ७६५ ची लाइन तुमच्या गच्चीवरून जाते का? नाही ना. मग?

माझ्या घरी काय झालं ते सांगतो. रात्री बॅटरीवर सेट चालू होता, मीटर एस-७ वर. वीज गेली आणि काटा धाडकन खाली, एस-१. ज्या जागी नुसती खरखर होती तिथे एक माणूस हळू आवाजात हैदराबादशी बोलत होता. तार तीच, बांबू तोच, माग तर संध्याकाळपासून बंदच होते. वीज आल्यावर मी एकेक बटण दाबत गेलो. निघाला काय, तर जिन्यातला एलईडी बल्ब आणि पोराच्या लॅपटॉपचा चार्जर. आधी आपल्या घराचा मेन स्विच पाडा, मग शेजाऱ्याचं नाव घ्या.

अक्कलकोट रोड

तुमच्या घरात बल्ब निघाला म्हणून माझ्या घरी पण बल्बच? दुपारी बारा वाजता माझ्या घरात एकही दिवा लागलेला नसतो. माग थांबले की नॉइज जातो, हे मी कानांनी ऐकतो. मेन स्विचचं शिकवू नका.

मागाचा मालक

शिकवत नाही, विचारतोय. मेन पाडून बॅटरीवर ऐकलंत का? हो किंवा नाही.

अक्कलकोट रोड

नाही. इन्व्हर्टर आहे, मेन पाडला तरी तो चालू राहतो.

मागाचा मालक

मग तो इन्व्हर्टरच आधी बंद करा!

नवीन लायसन्सवाली

तुमचं भांडण चालू द्या, पण मला उत्तर हवंय. माझ्याकडे कंपनीच्या अँटेनाला पैसे नाहीत, म्हणून रिवाइंडिंगच्या दुकानातून मोटरची तांब्याची तार वजनावर आणली आणि डायपोल, म्हणजे मध्ये केबल जोडलेली दोन हातांची तार, केला. टोकांना इन्सुलेटर म्हणून मागावरच्या प्लास्टिकच्या रिकाम्या कांड्या बांधल्या, त्या छान चालतात. नॅनोव्हीएनए या अँटेना मोजायच्या छोट्या यंत्रावर एसडब्ल्यूआरचा खड्डा ७.१ वर आला होता. आता तो ७ च्या खाली सरकलाय. कापताना मी नीट मोजलं होतं. कंपनीची घेतली असती तर हे झालं नसतं, असं घरचे म्हणतात.

तारवाला, जुळे सोलापूर

ताई, तार ताणली गेली. वाइंडिंगचं तांबं मऊ असतं, स्वतःच्या वजनाने आणि वाऱ्याने लांबतं, लांबी वाढली की फ्रिक्वेन्सी खाली येते. टोकं थोडी थोडी दुमडून स्वतःवरच पिळा, कापू नका, आणि ताण कमी करा. पुढच्या वेळी आधी एक टोक झाडाला बांधून तार जोरात ओढून घ्या, मग मोजा. घरच्यांना सांगा, हे आता तुम्हाला कळलंय.

होटगी रोड

तिला उत्तर बरोबर दिलंत, तेवढं मान्य. पण एफटी८ च्या फोटोंवर माझं मत बदललेलं नाही. सिद्ध करायचं असेल तर एकाच गच्चीवर तुमची तार आणि माझी कंपनीची व्हर्टिकल, म्हणजे उभी अँटेना, मध्ये कोअ‍ॅक्सचा स्विच, आणि समोरच्याला न सांगता दर काही सेकंदांनी बदलायचं. आज ही लावली, उद्या ती लावली, असलं चालणार नाही, सिग्नल मिनिटागणिक वर-खाली होतो. एस मीटरवर एक एस म्हणजे सहा डेसिबल, त्याच्या आतला फरक मी फरक धरणार नाही.

तारवाला, जुळे सोलापूर

मंजूर. दोन्ही बँडवर करू. ४० वर बार्शीचा रिपोर्ट, २० वर लांबचा. तुमची व्हर्टिकल २० वर माझ्या तारेला मागे टाकू शकेल, हे आत्ताच सांगतो. ४० वर बार्शीला टाकणार नाही.

बार्शीहून

मी ऐकायला बसतो. पण गच्ची कुणाची? नॉइज नसलेली जागा बघा.

मागाचा मालक

माझ्या कारखान्याचं पत्र्याचं छत सोडून मागे मोकळी जागा आहे, बांबू मी देतो. माग चालू असतानाच या. अक्कलकोट रोडवाल्यांनीही यावं. मी एकेक ड्राइव्ह बंद करत जातो, ते मीटर वाचतील. माझ्यामुळे निघाला तर फिल्टर माझ्या खर्चाने.

अक्कलकोट रोड

येतो. मीटर माझा असेल.