वितळलेल्या ॲल्युमिनियममधील वायू काढताना किती जोरात ढवळावे?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव):
आमच्या लहान फाउंड्रीत एलएम 6 या ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूचे पंप-कव्हर ओतले जातात. पावसाळा लागला की मशिनिंगनंतर पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी छिद्रे, उघडी पडतात. सध्या डिगॅसिंगची, म्हणजे वायू काढण्याची, गोळी प्लंजरने मुशीच्या तळाशी दाबून धरतो आणि नंतर सळईने रस ढवळतो. शेजारच्या बिडाच्या फाउंड्रीतील मंडळी भोवरा पडेपर्यंत ढवळण्यास सांगतात. ते योग्य आहे काय, की नायट्रोजनचा फिरता डिगॅसर घ्यावा?

उत्तर 1 (मच्छे):
सळई आधी बाजूला ठेवावी. हवेतील बाष्पाची तप्त ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन रसात शिरतो. वितळबिंदूजवळ 100 ग्रॅम रसात तो सुमारे 0.7 घन सेंटिमीटर मावतो, पण धातू गोठताच जेमतेम 0.04, उरलेल्या वायूची छिद्रे होतात. आपल्याकडच्या पावसात हा त्रास वाढणारच. नायट्रोजनचा बुडबुडा वर येताना हायड्रोजन आपल्यात ओढून घेतो, म्हणून बुडबुडा जितका बारीक तितके उत्तम: तेवढाच वायू 10 ऐवजी 2 मिलिमीटरच्या बुडबुड्यांत फोडला तर पृष्ठफळ पाचपट होते. डिगॅसरचा ग्रॅफाइटचा रोटर, म्हणजे फिरता दांडा, हेच काम तळाशी करतो. वरचा थर मात्र शांत राहिला पाहिजे. भोवरा पडला तर ऑक्साइडचा पापुद्रा रसात ओढला जातो. मुशीत आडवी पट्टी, म्हणजे बॅफल, लावल्यास तो पडत नाही.

उत्तर 2 (होनगा):
बिडाच्या मंडळींचेही त्यांच्यापुरते खरे आहे. एसजी आयर्नसाठी, म्हणजे मॅग्नेशियम घालून ग्रॅफाइट गोल कणांत आणलेल्या बिडासाठी, गंधक आधी काढावे लागते, नाहीतर मॅग्नेशियम त्यातच खर्ची पडते. गंधक काढणारा चुना बिडापेक्षा खूप हलका, नुसता टाकला तर वरच तरंगतो. म्हणून जपानमध्ये विकसित झालेल्या केआर पद्धतीत पंख्याने मुद्दाम भोवरा पाडून तो आत खेचतात. तिथे जे हवे, तेच आपल्या मुशीत नको आहे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग गोळी पूर्णपणे बंद करावी काय?

उत्तर 1:
माझ्या मते होय. तिच्या क्लोरिनयुक्त धुराने कामगारांचे डोळे चुरचुरतात ते वेगळेच, शिवाय मॉडिफिकेशनसाठी, म्हणजे सिलिकॉनची रचना बारीक करण्यासाठी, घातलेले सोडियमही तो खाऊन टाकतो. नायट्रोजन कोरडा असावा, रोटर तापवूनच बुडवावा आणि रस विनाकारण 740 अंशांपुढे नेऊ नये. ओतण्यापूर्वी लहान नमुना निर्वातात गोठवून मधोमध कापून पाहावा. त्यात फुगे दिसले तर केवळ हायड्रोजनला दोष देऊ नका, कारण ऑक्साइडचे पापुद्रेही तसेच फुगे धरतात.