मदत हवी आहे: लोरा मेशमधला एकच नोड दर अडीच दिवसांनी मान टाकतो

बागवाला_दिंडोरी: द्राक्षबागेत लोरा मेशचे ९ नोड लावलेत, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओवर एकमेकांचे निरोप पुढे देणारे सेन्सरचे डबे. जमिनीतला ओलावा आणि पानांचा ओलेपणा घरी कळतो. बाकीचे महिनाभर चालतात, २ नंबरचा मात्र अडीच दिवसांत बंद. सेल नवा टाकला, तरी तेच. गोडी छाटणी झालीय, सारखी शिडी लावायला वेळ नाही. आणि हो, गेल्या आठवड्यात दोनदा रात्री पाण्याचा व्हॉल्व्ह आपोआप उघडला, सकाळी ओळीत चिखल. शेजाऱ्याचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. लवकर सांगा.

रेडिओवेडा: बोर्ड कोणता? सेल केवढा? राउटिंग, म्हणजे निरोपांचा मार्ग ठरवणं, कशाने? नोड २ कुठे बसवलाय? मला ज्योतिष येत नाही हो.

बागवाला_दिंडोरी: साधा ईएसपी३२ कंट्रोलर, एसएक्स१२७६ रेडिओ चिप, २६०० मिलिअँपिअर-तासांचा एक सेल. राउटिंगला रेडिओहेड लायब्ररीचं आरएचमेश. नोड २ विहिरीजवळच्या खांबावर, उंच.

तात्या_निफाड: एवढा खटाटोप कशाला? मोबाईल स्टार्टर बसवा. मिस्ड कॉल दिला की मोटर चालू. माझा ६ वर्षं चाललाय.

बागवाला_दिंडोरी: तात्या, मोटर चालूच आहे. प्रश्न सेलचा आहे.

रेडिओवेडा: बाकीचे आठ वाचन पाठवून झोपत असणार. २ नंबर मात्र सगळ्यांचे निरोप पुढे ढकलतो, म्हणून त्याला कान उघडे ठेवून बसावं लागतं. जागा ईएसपी३२ आणि ऐकणारा रेडिओ मिळून ४५ मिलिअँपिअर धरा. २६०० भागिले ४५ म्हणजे ५८ तास. तुमचे अडीच दिवस! सेल बिचारा निर्दोष आहे.

एमटेक_अर्धवट: हा एनर्जी होल. घराजवळचा नोड आधी मरतो, मग मागचे जिवंत असूनही मुके. मार्ग निवडताना हॉप (मधले टप्पे) मोजू नका, उरलेली बॅटरी मोजा. माझा प्रोजेक्ट यावरच आहे, एओडीव्ही या मार्ग शोधण्याच्या पद्धतीत बदल करून सिम्युलेशनमध्ये नेटवर्क जास्त टिकतं.

रेडिओवेडा: सिम्युलेशनमध्ये चिखल नसतो. घरापर्यंत पोचणारा खांबच एक असेल तर बॅटरी मोजून निवडणार कुणाला? शिवाय बॅटरीचा आकडा नोड स्वतःच सांगतो. कुणी खोटा नोड आणून 'माझी १०० टक्के' म्हणाला, की सगळी वाहतूक त्याच्या घशात. तुमचं ब्लॅकहोल तुम्हीच आमंत्रण देऊन बोलावलंत.

एमटेक_अर्धवट: म्हणून निरोपाची डिजिटल सही तपासायची ना!

रेडिओवेडा: प्रत्येक पॅकेटवर? मग सेल दोन दिवसांत.

बागवाला_दिंडोरी: भांडू नका. एईएस एन्क्रिप्शन टाकलंय, निरोप कुलूपबंद जातात, मग व्हॉल्व्ह उघडला कसा?

पुणेकर_९: एईएसने निरोप वाचता येत नाही, पण जुना पकडून जसाच्या तसा पुन्हा सोडता येतो. ते रोखायला प्रत्येक निरोपावर वाढता काउंटर लागतो, तोही कायमच्या मेमरीत, नाहीतर रीस्टार्टला शून्य. आणि चोराला व्हॉल्व्ह उघडायचीही गरज नाही. नुसते फालतू निरोप पाठवून नोडला जागं ठेवलं तरी बॅटरी संपते. स्टाजानो आणि अँडरसन यांनी १९९९ मध्येच हा धोका मांडलाय.

बागवाला_दिंडोरी: म्हणजे शेजारीच!

तात्या_निफाड: आधी भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन हद्द मोजून घ्या.

रेडिओवेडा: थांबा. व्हॉल्व्ह कुठल्या नोडवर आहे?

बागवाला_दिंडोरी: २ वरच. सांगितलं नव्हतं का? रिले बोर्ड (व्हॉल्व्ह चालू-बंद करणारा स्विच) आणि व्हॉल्व्हला वेगळी १२ व्होल्टची बॅटरी आहे.

रेडिओवेडा: नाही सांगितलंत! रिले लो सिग्नलवर चालणारा असेल, तर प्रोग्रामच्या सेटअपमधल्या रिलेच्या पिनच्या ओळी इथे टाका.

बागवाला_दिंडोरी: पिनमोड आउटपुट, मग रेडिओ सुरू. रिलेला पहिल्यांदा हाय करतो ते आदेश आल्यावर.

रेडिओवेडा: झालं. पिन आउटपुट होताच लो जाते, रिले ओढतो आणि आदेश येईपर्यंत तसाच राहतो. सेल उतरला की निरोप पाठवताना व्होल्टेज कोसळतं, नोड रीस्टार्ट होतो, आणि पाणी सुरू. पिनमोडच्या लगेच पुढच्या ओळीत, रेडिओ सुरू करण्याआधीच, हाय लिहा. खांबाला छोटं सोलर पॅनल आणि दुसरा सेल द्या. बसून ऐकणारा नोड फक्त सेलवर कधीच तगणार नाही.

पुणेकर_९: काउंटर तरीही टाकाच.

बागवाला_दिंडोरी: घरचा लॉग पाहिला. दोन्ही रात्री २ नंबरचा मेसेज नंबर मध्येच शून्यावर आलाय, एकदा ३ वाजून १० मिनिटांनी, एकदा पावणेचारला. शेजाऱ्याच्या पोराशी उगाच तीन दिवस बोललो नाही. पॅनल केवढं लागेल?

द्राक्षवाणी: अवांतर: पानांच्या ओलेपणावरून डाऊनी या बुरशीच्या रोगाचा अंदाज बरोबर येतो का हो? सेन्सर कुठल्या ओळीत लावलाय?